गाडीत डॅशकॅम लावताय? आधी कार्डाचं बघा

डिसेंबरातली संध्याकाळ. साताऱ्याजवळ शेंद्र्याच्या फाट्यावर सर्व्हिस रोडला मी एका ट्रॅक्टरमागे थांबलो होतो. उसाच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. पुढं वाट मिळेना म्हणून ट्रॅक्टरवाल्यानं रिव्हर्स टाकला. जोडट्रॉली मागं घेताना मागची ट्रॉली कुठं वळेल ते देवालाच ठाऊक. ती सरळ माझ्या बॉनेटवर आली. मी खाली उतरलो तर तो म्हणाला, "तुमीच मागनं यून ठोकलं की." चार माणसं जमली. मी रुबाबात म्हणालो, "गाडीत कॅमेरा आहे माझ्या. आत्ता दाखवतो." मोबाईलवर ॲप उघडलं. शेवटचं रेकॉर्डिंग अकरा दिवसांपूर्वीचं होतं, त्यात मी पोवई नाक्यावर सिग्नलला उभा होतो.

मेमरी कार्ड मेलं होतं. कॅमेऱ्याची स्क्रीन डोळ्यांत येते म्हणून मी ती बंद ठेवलेली, त्यामुळं कार्ड एररचा निरोप कुणी वाचलाच नाही. निळा दिवा मात्र रोज इमानेइतबारे लागत होता. शेवटी दुरुस्ती माझ्याच विम्यातून झाली आणि जमवलेला नो क्लेम बोनस गेला.

"स्वस्तातला घेतलास, म्हणून असं झालं," असं माझ्या मेव्हण्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. कॅमेरा आजही तोच आहे, साडेतीन हजारांचा, आणि त्या दिवसानंतर त्यानं दगा दिलेला नाही. मी बदललं ते कार्ड, वायर आणि माझ्या सवयी. खाली जे लिहितोय ते सगळं त्यातूनच आलेलं. पहिल्यांदाच डॅशकॅम, म्हणजे काचेमागून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, घेणाऱ्यासाठी आहे, त्यामुळं जाणकारांना काही गोष्टी बाळबोध वाटतील.

पायरी १ : कशासाठी हवाय?

दुकानात जाण्याआधी हे ठरवा, नाहीतर विक्रेता ठरवेल.

रोज हायवेनं ये-जा असेल, म्हणजे माझ्यासारखी सातारा-कऱ्हाड, तर फक्त पुढचा कॅमेरा बास. आपल्याकडं भीती असते ती उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाकीची, अचानक लेन बदलणाऱ्या ट्रकची आणि गळीत हंगामात अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीची. या तिन्ही गोष्टी पुढूनच येतात. आपल्याला मागून कुणी धडकलं तर चूक कुणाची ते बहुतेक वेळा धडकेच्या जागेवरूनच कळतं. मागचा कॅमेरा तिथं उपयोगी असतो, पण पहिल्या कॅमेऱ्यालाच त्यावर पैसे घालू नयेत. त्याची वायर मागच्या दरवाज्याच्या रबरी नळीतून न्यावी लागते आणि सगळी कटकट तिथंच असते.

गाडी पेठेतल्या बोळात रात्रभर उभी असते आणि सकाळी नवा ओरखडा दिसतो, असं तुमचं दुखणं असेल तर गोष्ट वेगळी. तुम्हाला पार्किंग मोड हवा, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू राहण्याची सोय. त्यासाठी वायरिंग वेगळं लागतं, त्याबद्दल पुढं येईलच.

आणि फक्त कासला फुलं बघायला जाताना किंवा आंबेनळी घाटातलं धुकं टिपायला हवा असेल तर डॅशकॅम घेऊच नका. मोबाईल त्याहून कितीतरी सुंदर व्हिडिओ काढतो. डॅशकॅमचं चित्र साक्षीपुरतं असतं, देखणं नसतं.

कायद्याचं विचाराल तर खासगी गाडीत डॅशकॅम लावायला आपल्याकडं बंदी नाही आणि सक्तीही नाही. फक्त तो चालकाच्या नजरेच्या आड येता कामा नये.

पायरी २ : कॅमेरा निवडणं

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात ४के लिहिलेलं असतं. ४के, १०८०पी ही चित्र किती बारकाईनं टिपलं जातं त्याची मापं, ४के मोठं. स्वस्त कॅमेऱ्यांत बऱ्याचदा आतला चित्र टिपणारा सेन्सर कमी क्षमतेचा असतो आणि चित्र नुसतं ताणून मोठं केलेलं असतं. फाइल जड होते, दिसत काही जास्त नाही. खरा १०८०पी कॅमेरा खोट्या ४के पेक्षा चांगला. बजेट थोडं वाढत असेल तर १४४०पी, ज्याला दुकानदार २के म्हणतात, हा मधला मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. साधा १०८०पी साधारण अडीच ते चार हजारांत मिळतो. जीपीएस असलेला १४४०पी घ्यायचा तर सहा ते दहा हजारांची तयारी ठेवा. क्यूबो, ७०माय, डीडीपाय ही नावं ऑनलाइन शोधताना समोर येतील. नावापेक्षा खालच्या गोष्टी तपासा.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आत बॅटरी आहे की कपॅसिटर. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागं हात लावून बघा, चटका बसतो. त्या जागी लिथियम बॅटरी लवकर फुगू शकते. कपॅसिटर उष्णता बरी सोसतो. तो फक्त काही सेकंदांची वीज धरून ठेवतो, म्हणजे गाडी बंद झाली तरी शेवटची फाइल नीट बंद होऊन सेव्ह होते. तेवढंच त्याचं काम. खोक्यावर लिहिलेलं नसेल तर विचारा आणि उत्तर गोलमोल आलं तर पुढच्या दुकानात जा. जुना मोबाईल डॅशकॅम म्हणून काचेला चिकटवण्याची युक्ती याच कारणानं मला पसंत नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. दुपारच्या उजेडात सगळेच कॅमेरे शहाणे असतात. त्याच मॉडेलचं रात्रीचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर शोधा, आणि तेही कंपनीचं नको, एखाद्या सामान्य ग्राहकानं टाकलेलं बघा. समोरून हायबीम टाकून येणाऱ्या गाडीत चित्र किती पांढरं पडतं आणि किती लवकर सावरतं ते पाहा. सोनीचा स्टारविस सेन्सर असेल तर रात्रीचं काम सहसा बरं असतं. डब्ल्यूडीआर हे अक्षर दिसलं तर त्याचा अर्थ इतकाच की एकाच चित्रात फार उजेड आणि फार अंधार दोन्ही असले तरी कॅमेरा सांभाळून घ्यायचा प्रयत्न करतो. खंबाटकीचा बोगदा याची खरी परीक्षा घेतो. साताऱ्याहून पुण्याला जाताना आपण बोगद्यातून बाहेर पडतो त्या क्षणी चित्र पांढरंफटक होतं. चांगला कॅमेरा क्षणात सावरतो, साध्याला थोडा वेळ लागतो, आणि पुढं लगेच वळणांचा उतार आहे.

तिसरी गोष्ट, लेन्सची रुंदी, म्हणजे तिला किती अंशांचं दृश्य दिसतं. १७० अंश म्हटलं की भारी वाटतं, पण जितकं रुंद दिसतं तितकी समोरची गाडी लहान आणि लांब दिसते. १३० ते १४० अंश पुरे.

नंबरप्लेटबद्दल आधीच सांगतो, म्हणजे नंतर शिव्या देणार नाही. १०८०पी कॅमेऱ्यात दिवसा पंधरा-वीस फुटांवरच्या गाडीचा नंबर वाचता येतो. समोरून वेगात येणाऱ्या गाडीचा बहुधा येत नाही आणि रात्री तर दिव्यांच्या झळाळीत प्लेट पांढरी पट्टी होते. यावर फुकटचा उपाय आहे. माइक चालू असेल तर नंबर मोठ्यानं बोला. "एमएच ११, पांढरी पिकअप, नंबर अमुक, उंब्रजकडं गेली." तुमचा आवाज रेकॉर्ड होतो. कॅमेऱ्याला न दिसलेलं तुम्हाला दिसलेलं असतं.

जीपीएस असेल तर वेळ आपोआप बरोबर राहते आणि जागा, वेग चित्रावर उमटतो. तो वेग तुमच्याही विरोधात बोलू शकतो हे लक्षात असू द्या. लेन सुटली, पुढची गाडी जवळ आली अशा सूचना देणाऱ्या फीचरवर मात्र एक रुपया जास्त देऊ नका. राजवाड्याच्या गर्दीत तो कॅमेरा इतका ओरडतो की बायको म्हणते, "त्याला तरी खाली उतरवा, नाहीतर मला."

पायरी ३ : कार्ड

कॅमेऱ्यात जेवढा जीव नसतो तेवढा कार्डात असतो. आणि आपण काय करतो? तीन-चार हजारांचा कॅमेरा घेतो आणि घरात पडलेलं जुन्या मोबाईलचं कार्ड त्यात ढकलतो. मीही तेच केलं होतं.

मोबाईलमधलं कार्ड दिवसातून चार फोटो लिहितं. डॅशकॅममधलं कार्ड गाडी चालू असेपर्यंत अखंड लिहीत असतं, भरलं की सगळ्यात जुनं पुसून पुन्हा लिहितं. याला लूप रेकॉर्डिंग म्हणतात. प्रत्येक कार्डाला लिहिण्या-पुसण्याची मर्यादा असते आणि साधं कार्ड ती लवकर गाठतं. मग ते एकदम मरत नाही, हेच वाईट. बरीच कार्डं शेवटी फक्त वाचू देतात, लिहू देत नाहीत. आतली जुनी क्लिप दिसते, आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

म्हणून कार्ड घेताना खोक्यावर हाय एन्ड्युरन्स असं लिहिलेलं मागा. हे सीसीटीव्ही आणि डॅशकॅमसाठीच बनवलेलं असतं. सोबत यू३ किंवा व्ही३० ही वेगाची खूण बघा. साध्या कार्डापेक्षा ते महाग पडतं, पण बचत करायची ती कॅमेऱ्यात करा, इथं नको.

किती जीबी? हिशोब सोपा आहे. १०८०पी कॅमेरा साधारण १५ मेगाबिट प्रतिसेकंद या दरानं लिहितो, म्हणजे तासाला पावणेसात जीबीच्या आसपास. ६४ जीबीचं कार्ड नऊ-साडेनऊ तासांत भरतं. माझा रोजचा प्रवास जाऊन-येऊन दोन-सव्वादोन तासांचा, म्हणजे चार दिवसांपूर्वीचं काहीही माझ्याकडं नसतं. एकदा कुणीतरी गेल्या आठवड्यातल्या लिंब खिंडीतल्या अपघाताची क्लिप मागितली होती, तेव्हा हे गणित माझ्या डोक्यात शिरलं. १२८ जीबी घेतलं तर आठवडा निघतो. ४के असेल तर हे आकडे निम्म्यावर येतात. मात्र कॅमेरा जास्तीत जास्त किती जीबी घेतो ते माहितीपत्रकात आधी बघा. काही स्वस्त मॉडेल ६४ किंवा १२८ च्या वर जात नाहीत.

नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. १२८ लिहिलेलं असतं, आत १६ असतं. संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम चालवला की कार्ड खरंच तेवढं आहे का ते कळतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. तपासून झालं की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, संगणकावर नको. कॅमेऱ्याला स्वतःची फोल्डरची मांडणी लागते.

पायरी ४ : वीज कुठून द्यायची

सोपी वाट म्हणजे लायटरचं सॉकेट. कॅमेऱ्यासोबत चार्जर आणि तीन-साडेतीन मीटरची वायर येते. किल्ली फिरवली की कॅमेरा चालू, काढली की बंद. बहुतेक गाड्यांत असंच होतं, पण काही गाड्यांत किल्ली काढली तरी सॉकेटला वीज राहते. पहिल्याच दिवशी गाडी बंद करून दहा मिनिटांनी बघा. चार्जर सोबत आलेलाच वापरा. फुटपाथवरचा पन्नास रुपयांचा चार्जर लावला तर कॅमेरा मध्येच बंद पडतो आणि रेडिओवर घरघर यायला लागते.

मोबाईल चार्जिंगलाही तेच सॉकेट लागतं, मग घरातला कुणीतरी कॅमेऱ्याची पिन काढतो आणि परत लावत नाही. दोन तोंडांचा चांगला चार्जर घ्या, भांडणं वाचतील.

नवीन गाडी असेल तर वायर कापून जोड देणाऱ्या माणसाला गाडीजवळ येऊ देऊ नका. "दादा, हितनं एक वायर मारतो, पाच मिनिटांचं काम हाय," असं म्हणणारा भेटतोच. त्या पाच मिनिटांत वायरिंगची वॉरंटी जाऊ शकते.

पार्किंग मोड हवाच असेल तर हार्डवायर किट लागतं, म्हणजे कॅमेरा थेट गाडीच्या फ्यूजना जोडणारा वायरींचा संच. त्यातून तीन वायरी निघतात. एक कायम वीज असलेल्या फ्यूजला, दुसरी किल्लीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजला, तिसरी गाडीच्या बॉडीला. जोड द्यायला फ्यूज टॅप नावाचा तुकडा मिळतो, तो फ्यूजच्या जागी बसतो, काहीच कापावं लागत नाही. कोणता फ्यूज कायम चालू असतो ते टेस्ट लॅम्पनं बघतात. एअरबॅग आणि ब्रेकच्या फ्यूजला हात लावायचा नाही. ज्याला टेस्ट लॅम्प धरता येत नाही त्यानं ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं जावं आणि तो काम करताना शेजारी उभं राहावं.

आता बॅटरीचा हिशोब. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा अखंड रेकॉर्डिंग करत असेल तर साधारण ०.३ अँपिअर खातो. चोवीस तासांत सात अँपिअर-अवर गेले. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. शनिवार-रविवार गाडी उभी राहिली, बॅटरी तीन वर्षांची असली, की सोमवारी सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक. चांगल्या किटमध्ये ठरावीक व्होल्टेजखाली आपोआप बंद होण्याची सोय असते. ती १२.२ व्होल्टवर ठेवा. काही जण ११.८ वर ठेवतात, म्हणजे बॅटरी जवळजवळ झोपेपर्यंत कॅमेरा चालतो. ओरखड्याचा पुरावा मिळेल, पण गाडी ढकलायला माणसं शोधावी लागतील.

पायरी ५ : बसवणं

सकाळी किंवा सावलीत बसवा. काच गरम असेल तर डबल टेप धरत नाही.

चालक उजवीकडं बसतो, म्हणून कॅमेरा आरशाच्या मागं, किंचित डावीकडं. चालकाच्या सीटवर बसल्यावर तो आरशाआड लपला पाहिजे. आणि काचेच्या ज्या भागावरून वायपर फिरतो त्याच भागामागं लेन्स आली पाहिजे. हे दुसरं लोक विसरतात. जूनमध्ये यवतेश्वरचा घाट चढायला लागला की पाण्याच्या ओघळांशिवाय काही दिसत नाही. काचेच्या वरच्या काठाला काळे ठिपके असतात, त्यावरही चिकटवू नका, तिथं पकड बसत नाही. फास्टॅग तिथंच जवळपास असतो. त्याच्यावर कॅमेरा येऊ देऊ नका, नाहीतर आनेवाडीच्या नाक्यावर मागचे हॉर्न ऐकावे लागतील.

रबरी वाटीनं चिकटणारा स्टँड उन्हात सुटतो आणि नेमका ब्रेक मारताना मांडीवर येतो. डबल टेपचाच घ्या.

आधी नुसता हातात धरून, गाडी चालू करून, मोबाईलवर चित्र बघत जागा ठरवा. क्षितिज चित्राच्या मधोमध किंवा थोडं वर आलं पाहिजे. आकाश जास्त आलं तर कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि रस्ता काळवंडतो. बॉनेटची नुसती कड दिसली की पुरे. मग काच आतून स्पिरिटनं किंवा स्वच्छ ओल्या कापडानं पुसा, कोरडी होऊ द्या आणि टेप दाबून अर्धा मिनिट धरा. जमलं तर वायर दुसऱ्या दिवशी जोडा, तोवर टेप घट्ट होते.

वायर डावीकडून न्यायची. छताचं अस्तर बोटानं दाबलं की फटीत वायर आपोआप सरकते. तिथून डाव्या खांबापर्यंत, मग दाराच्या रबरी बिडिंगमधून खाली, पायमॅटच्या कडेनं डॅशबोर्डखालून सॉकेटपर्यंत. उरलेली वायर गुंडाळून ग्लोव्ह बॉक्सच्या मागं बांधा, चालकाच्या पायांकडं कधीच नाही. खांबावर एअरबॅगची खूण असेल तर त्याच्या आवरणाखालून वायर घालू नका. एअरबॅग उघडली तर ती वायरच अंगावर येईल. बिडिंगच्या कडेनं काम भागतं.

आणि आता समोर काय लटकतंय ते बघा. आरशाला लिंबू-मिरची, दसऱ्याचा झेंडूचा हार, एखाद्या देवस्थानचा गंडा. माझ्या पहिल्या महिन्याच्या सगळ्या क्लिपमध्ये मधोमध एक मिरची झुलत होती. डॅशबोर्डवर पांढरा नॅपकिन किंवा कागद ठेवला तर त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि सगळ्या रेकॉर्डिंगवर धूसर पडदा येतो. गणपती असू द्या, फक्त तो लेन्सच्या नजरेत चकाकणार नाही असा सरकवा.

पायरी ६ : सेटिंग

तारीख आणि वेळ सगळ्यात आधी. जीपीएस असेल तर टाइमझोन +५:३० निवडा. जीपीएस नसेल तर गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर घड्याळ मागं पडतं. २०१७ सालची तारीख असलेली क्लिप ठाण्यात दाखवून बघा, समोरचा साहेब काय म्हणतो ते कळेल.

फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, कॅमेरा बऱ्याचदा ६० वर येतो. ते बदललं नाही तर रात्रीचे दिवे चित्रात लुकलुकतात.

लूप तीन मिनिटांचा ठेवा. लहान फाइल पटकन मोबाईलवर उतरते आणि एखादी बिघडली तर तीनच मिनिटं जातात.

जी-सेन्सर हा धक्का ओळखणारा भाग. धक्का बसला की चालू फाइल कुलूपबंद करतो, म्हणजे लूप तिला पुसत नाही. कल्पना झकास आहे, पण ती ज्यानं काढली तो आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून गेलेला नसावा. त्याची संवेदनशीलता 'हाय' वर ठेवली तर शाहूपुरीतून बाहेर पडेपर्यंत पाच फाइल कुलूपबंद होतात. महिन्याभरात कार्ड अशा खड्ड्यांच्या फाइलींनी भरतं. मग काही कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवतात, काही नुसते पीप-पीप करतात. लो वर ठेवा. तरीही दर काही दिवसांनी कुलूपबंद फोल्डर रिकामा करा. खऱ्या धडकेत लो सुद्धा जागं होतं, आणि नाहीच झालं तर हातानं दाबायचं बटण असतंच.

माइक चालू ठेवायचा की बंद, हा घरगुती प्रश्न आहे. गाडीतलं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. मी चालू ठेवतो, नंबर बोलण्यासाठी. सासरची मंडळी गाडीत असली की बंद करतो.

स्क्रीन एका मिनिटानं झोपेल असं करा, पण सुरुवातीचा आवाज चालू ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत कार्ड नीट नसेल तर वेगळा आवाज येतो. मी तो आवाजच बंद केला होता, त्याची किंमत वर सांगितली आहे.

पायरी ७ : पहिल्या आठवड्यातली तपासणी

एक क्लिप दुपारची, एक रात्रीची, एक पावसातली किंवा निदान काच धुतानाची. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर नको, कार्ड काढून संगणकावर बघा. फाइली सलग आहेत का, मध्ये एखादं मिनिट गायब आहे का, सगळ्यात जुनी फाइल कधीची आहे.

मोबाईल जोडताना नवख्यांचा गोंधळ होतो तो इथं. कॅमेऱ्याचं वायफाय हे इंटरनेट नसतं. मोबाईल म्हणतो की या जोडणीला इंटरनेट नाही, आणि आपोआप सोडून देतो. जोडताना मोबाईल डेटा बंद करा. आणि हे काम गाडी उभी करून करा.

अपघात झालाच तर

आधी माणसं. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस किंवा कोणतीही तातडी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. कॅमेरा त्यानंतर.

मग कॅमेऱ्यावरचं लॉकचं बटण दाबा. विसरलात तरी घाबरू नका, पण गाडी चालू ठेवून तासन् तास फिरू नका, लूप ती फाइल खाईल. गाडी बंद करा, कॅमेऱ्याचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग कार्ड काढून खिशात घाला. कॅमेरा चालू असताना कार्ड उपटलं तर नेमकी हवी तीच फाइल मोडते.

मोबाईल पुढं करून जमलेल्या गर्दीला क्लिप दाखवत बसू नका. माझा अनुभव असा की वाद वाढतो आणि मोबाईल हातोहाती फिरतो. रेकॉर्डिंग आहे एवढं शांतपणे सांगितलं तरी पुष्कळदा सूर बदलतो.

घरी आल्यावर पूर्ण फाइल दोन ठिकाणी उतरवा. काटछाट नको, त्यावर गाणं नको, लाल गोल नको. आधीची आणि नंतरची फाइलही ठेवा. विमा कंपनीला किंवा वकिलाला व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, दिसत असलेला नंबरही पुसट होतो. गावच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. त्यात जखमी माणसाचा चेहरा असतो, त्याच्या घरच्यांना बातमी तशी कळू नये.

प्रकरण कोर्टात गेलं तर नुसती क्लिप पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. आधीच्या कायद्यात हेच ६५ब होतं. नव्या नमुन्यात फाइलची हॅश किंमतही लिहायची असते. हॅश म्हणजे त्या फाइलच्या बोटाचा ठसा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. म्हणूनच मूळ कार्ड जपून ठेवायचं, पुन्हा कॅमेऱ्यात घालायचं नाही. दीड-दोन हजारांचं नवीन कार्ड परवडलं. पोलिसांनी कार्ड ताब्यात घेतलं तर त्याआधी प्रत काढून घ्या आणि पंचनाम्यात कार्डाचा उल्लेख आहे ना ते वाचूनच सही करा. पुढचं वकिलाला विचारा.

देखभाल

महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, त्याआधी हवं ते उतरवून घ्यायचं. काच आतून पुसायची. आतल्या बाजूला, विशेषतः नव्या गाडीत, तेलकट थर जमतो. तो डोळ्यांना दिसत नाही, रात्रीच्या कॅमेऱ्याला दिसतो. रोजचा वापर असेल तर दोन वर्षांनी कार्ड बदला, चालत असलं तरी. मी पहिल्या रविवारी हे करतो, गाडी धुवायच्या आधी.

गाडी धुवायच्या आधी म्हणतोय कारण वॉशिंग सेंटरवाली पोरं व्हॅक्यूमसाठी सॉकेटमधली पिन काढतात. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगहून गाडी आली, नेहमीचा सुरुवातीचा आवाज आला नाही, म्हणून वाकून बघितलं. पिन ग्लोव्ह बॉक्समध्ये, नीट गुंडाळून, रबरबँड लावून ठेवलेली. लावली, आवाज आला, मग गाडी काढली.